पाहणीचे तास

लेकीच्या खोडरबराचा तो तुकडा एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने मळकट, आणि मधोमध दातांची खूण – पंधरा वर्षांची घोडी झाली तरी ही मुलगी वस्तू चावायची सोडत नाही – आणि तो तुकडा ती मघापासून चिमटीत धरून बसली होती, खोडायला म्हणून, पण खोडत काहीच नव्हती. अर्जावर बाकी सगळं शाईने लिहून झालं होतं, छान, ठळक, शाळेत असताना लिहायची तसं. नाव, पत्ता, शिक्षण, परीक्षेचा निकाल, ऑफिसला रस्त्यावरून वेगळं दार आहे काय – आहे. चाव्यांसाठी कुलपाचं कपाट आहे काय – आहे, लोखंडी आहे, दोघांनी उचललं तेव्हा कुठे आत आलं. फक्त चौदावा रकाना पेन्सिलीचा होता. रिकाम्या घरांच्या पाहणीचे तास, गेल्या तीन वर्षांतले, किमान दोनशे. तिथे तिने लिहिलं होतं, दोनशे बावन्न.

दुसऱ्यांची घरं सांभाळणारी कंपनी काढायची तर एवढं लागतं हे तिला कुठे माहीत होतं! चौदा वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत तिने तेच केलं – भाडेकरू आणायचे, गळके नळ, रुसलेले मालक, हरवलेल्या चाव्या – आणि परवाना म्हणजे साहेबांच्या खुर्चीमागे काचेत लावलेला तो पिवळट कागद, ज्याच्यावरची धूळ कधीमधी आपण पुसतो, एवढीच तिची समजूत. स्वतःचं करायचं ठरवलं आणि मग एकेक गोष्ट निघत गेली. परीक्षा निघाली. नवऱ्याने भाजी निवडता निवडता प्रश्न विचारले, ती भांडी घासता घासता उत्तरं देत गेली, आणि झाली की पास, एक्केचाळिसाव्या वर्षी! मग वेगळ्या दाराची जागा निघाली, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान रिकामं झालं तेव्हा ती मिळाली, दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्या माणसाने उभंच राहायचं. सगळं जमलं. आणि आता हे तास.

"अगं, पेनाने गिरव आणि मोकळी हो," नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "रजिस्टरमध्ये आहेत ना तेवढे?"

"आहेत."

"मग?"

मग काय… मग काहीच नाही. तिने खोडरबर कंपासपेटीत टाकला, अर्ज पिशवीत घातला. आज दोन सह्या आणायच्या होत्या – एक साहेबांची, कारण काम त्यांच्या हाताखाली केलं. दुसरी, ज्या घरात सगळ्यात जास्त तास भरले त्या घराच्या मालकाची. ते घर काकूंचं – नात्यातल्या नव्हेत, जुन्या ऑफिसच्या ग्राहक. तिसऱ्या मजल्यावरचं, जिन्याच्या उजव्या हाताचं. एकशे चौऱ्याण्णव तास.

एकशे चौऱ्याण्णव! रस्त्याने चालताना तो आकडा तिच्या चपलेत खड्यासारखा टोचत होता. रजिस्टर खोटं नव्हतं. जुन्या ऑफिसात रीतच होती – भिंतीवरच्या खुंटीवरून चावी काढली की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, कारण लिहायचं, सही करायची. चावी परत लावली की पुन्हा वेळ, पुन्हा सही. बारा चाळीस. एक चाळीस. कारण – पाहणी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दहा महिने, सुट्टीचे दिवस सोडून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तिच्याच अक्षरात. ऑफिसातले तिला चिडवायचे, पाहणीबाई म्हणायचे, आणि साहेब नव्या पोरांना सांगायचे, बघा, काम असं करतात, स्वतःची जेवणाची सुट्टी सोडून. ती मान खाली घालून हसायची, आणि सगळ्यांना वाटायचं, किती विनयशील बाई.

खरी गोष्ट अशी की आई गेली तेव्हा घरात रडायला जागा नव्हती. हे कुणाला सांगितलं तर हसेल… पण नव्हतीच. दोन खोल्यांत सहा माणसं, सासूबाईंचं अंथरूण, दिराची परीक्षा, मुलीचा अभ्यास, न्हाणीघरात गेलं तर पाच मिनिटांत कुणीतरी कडी वाजवणार – "झालं का?" झालं का! काय झालं का? सगळे चांगले होते, हे आणखी कठीण. नवरा पाठीवर हात ठेवायचा आणि मग ती रडायचीच नाही, कारण ती रडली की त्याचं तोंड लहान होतं, मग त्यालाच समजवायला लागतं. तशात एका दुपारी ती काकूंच्या रिकाम्या घरी गेली, स्वयंपाकघरातला नळ गळतो का ते पाहायला. नळ गळत नव्हता. आतल्या खोलीत खिडकीखाली उन्हाचा तुकडा पडला होता आणि घरात कुणी नव्हतं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली, अगदी तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. मग तोंड धुतलं, चावी खुंटीला लावली, रजिस्टरात लिहिलं – पाहणी. दुसरं काय लिहिणार होते मी?

साहेबांच्या ऑफिसात काही बदललं नव्हतं. पंखा तसाच कुरकुरत होता. तिच्या टेबलावर एक नवा मुलगा बसला होता आणि कानाला फोन लावून कुणाला तरी सांगत होता की प्लंबर निघालाय – प्लंबर निघालेला नसणार, हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं.

"या या, पाहणीबाई!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "आमच्याच पोटावर पाय द्यायला निघालात आणि सही पण आमच्याकडूनच! आहे बुवा हिंमत."

"तुमचे ग्राहक मी घेणार नाही, साहेब."

"घ्या हो, घ्या. दोनचार तर असे देतो की तुम्हीच रडत परत याल." ते आपल्याच विनोदावर मनमुराद हसले, चष्मा लावला, अर्ज ओढून घेतला. "कुठे करायची? हां. आणि हे पेन्सिलीने कशाला? परवान्याच्या ऑफिसातले लोक पेन्सिल बघितली की लगेच शंका काढतात." आणि ती काही म्हणायच्या आत त्यांनी आपल्या जाड निबाच्या पेनाने दोनशे बावन्नवर गिरवलंसुद्धा. दोन, पाच, दोन.

"साहेब, थांबा… ते तास सगळेच काही पाहणीचे नव्हते."

"मग कसले होते?"

"काकूंच्या घरी मी… नुसती बसायचे."

तिला वाटलं होतं काहीतरी होईल. म्हणजे त्यांचा चेहरा बदलेल, ते चष्मा काढतील, रजिस्टर मागवतील. गेली दोन वर्षं ती या क्षणाला घाबरत होती. साहेबांनी शिक्क्याची डबी उघडली.

"अहो, सगळं ऑफिस नुसतं बसतं! तुम्ही निदान घराची चावी घेऊन बसलात." शिक्का दोनदा आपटला. "तो बागेजवळचा बंगला आठवतो? माझा भाचा तिथे तीन महिने ठिय्या देऊन होता, नोकरी लागेपर्यंत. मी काय लिहिलं असेल रजिस्टरला? पाहणी! मालकाला काय कळतंय. काढा, कंपनी काढा, डोक्याला ताप करून घेऊ नका."

त्यांनी प्रेमानेच कागद तिच्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता. चौदा वर्षांत एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता. पण जिना उतरताना तिचे कान तापले होते – भाचा तिथे पाय पसरून राहिला, चूल पेटवली असेल, गाद्या टाकल्या असतील, आणि मी… दोन्हीला एकच शब्द, एकाच रजिस्टरात, कदाचित एकाच पानावर. आजवर तिला वाटायचं, आपला गुन्हा निराळा आहे, जरा मऊ आहे, दुःखाचा आहे. मालकाला काय कळतंय – हे वाक्य तिने कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. वागताना ती तेच म्हणत होती, रोज दुपारी, बारा चाळीसला. हे तिला फार लागलं.

आणि पिशवीत अर्ज आता जवळजवळ पुरा झाला होता. शाई, सही, शिक्का. काकूंना काय, त्या सही करून टाकतील, त्यांचा विश्वास आहे. नुसतं पुढे करायचं, इथे हो काकू, या रेघेवर… त्या विचारतीलही, चहा घेणार का. मग उद्या सकाळी खिडकीवर अर्ज द्यायचा. महिन्याभरात परवाना भिंतीवर. एवढं सोपं होतं.

काकू आता दुसऱ्या इमारतीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत होत्या. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आणि अजून त्यांचं सगळं तसंच – चादरीचे कोपरे घट्ट दुमडलेले, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे, आणि बोलणं मोजकं. ती गेली तेव्हा त्या उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होत्या. अर्ज त्यांनी उभ्या उभ्याच वाचला, पहिल्या ओळीपासून, काहीही न सोडता. सह्या करणारं माणूस असं वाचेल हे तिच्या हिशेबात नव्हतं.

"माझ्या घरात एकशे चौऱ्याण्णव तास?" काकूंनी वर पाहिलं. "आठवड्यातून एकदा जाऊन यायचं ठरलं होतं आपलं. अर्धा तास फार तर. एवढे तास करत काय होतीस?"

हाच तो प्रश्न. साहेबांनी न विचारलेला. आता काय सांगू – खिडक्या उघडत होते, हवा खेळवत होते… जिभेवर सगळं तयार होतं, चौदा वर्षांची सवय, भाडेकरूंना, मालकांना गोड बोलायची. ती म्हणाली, "बसत होते."

"म्हणजे?"

"माझी आई गेली होती. घरी रडता येत नव्हतं. तुमचं घर रिकामं होतं, म्हणून तिथे जाऊन बसायचे. रजिस्टरला पाहणी लिहायचे."

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली. अर्धवट राहिलेला अभ्रा दुमडून बाजूला ठेवला.

"कुठे बसायचीस?"

"आतल्या खोलीत. खिडकीखाली."

"तिथे माझ्या बहिणीचा पलंग होता."

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला माहीत होतं काकूंची बहीण त्या घरात वारली, माहीत होतं की त्यानंतर काकू त्या घरात राहिल्या नाहीत; पण पलंग कुठे होता हे तिला कोण सांगणार? सामान तर आधीच हललेलं होतं.

"मला विचारायचं होतंस," काकू म्हणाल्या.

"हो."

"मी नाही म्हटलं असतं."

"माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही."

"मला त्या जिन्याची पायरी चढवत नव्हती!" काकूंचा आवाज एकदम चढला, आणि तो आवाज त्या नीटनेटक्या खोलीत कसातरीच वाटला. "दोन वर्षं. खाली रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. आणि तू तिथे खुशाल बसत होतीस." मग जरा थांबून, कोरडेपणाने, इस्पितळात पाळी बदलताना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय पाहिलंस मग? दहा महिने बसलीस माझ्या घरात. सांग, काय पाहिलंस?"

आणि ती सांगायला लागली. आधी अडखळत, मग न थांबता, जणू कुणीतरी कधीतरी हे विचारावं म्हणूनच तिने ते साठवून ठेवलं होतं – की एक वाजून दहा मिनिटांनी ऊन खिडकीपासून तिसऱ्या फरशीवर येतं आणि थंडीत चौथीवर. की खालच्या मजल्यावर मोरीतलं पाणी सोडलं की आपल्या भिंतीत कुणी घोट गिळल्यासारखा आवाज होतो. की स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वाऱ्याशिवायही हलते, कारण बिजागरीचा एक स्क्रू आखूड आहे, तो बदलून घेतला. की मधल्या दाराची चौकट पावसात फुगते, दार वरच्या कोपऱ्यात धरतं, रंधा मारायची गरज नाही, फुगणं ओसरतं… आणि तो डाग. खिडकीच्या डाव्या हाताला, जमिनीपासून वीतभर वर, तळहाताएवढा. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा ती रडतच होती, आणि रडता रडता तिला वाटलं, हा काल इथे नव्हता. पिशवीतून पेन्सिल काढली, डागाच्या कडेने रेघ मारली, बाजूला तारीख घातली. दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर बोटभर. पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. मग कळलं की वरच्या मजल्यावर कपडे धुतात त्या दिवशीच तो वाढतो. वरच्यांशी भांडली, मिस्त्री बोलावला, भिंतीतला नळ उघडला, तो आतून पार कुजला होता. "अजून दोन महिने गेले असते तर भिंत गेली असती, काकू."

"रोज रेघ मारायचीस?"

"रोज. डाग सुकेपर्यंत."

"आम्ही ताप लिहायचो तसं," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "आणि रडणं?"

"त्यानंतरही रडायचे कधी. पण आधी डाग बघून मग."

काकूंच्या तोंडावर काहीतरी हललं – हसू म्हणता येणार नाही, पण त्या जातीचं काहीतरी. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, अर्ज मांडीवर घेतला.

"रात्रपाळीला मी खुर्चीवर बसून असायचे. लोकांना वाटायचं नुसती बसलीये. मी श्वास मोजत असायचे. पण कधी कधी खरंच नुसती बसायचे, घरच्या विचारात. ते दिवस मला ठाऊक होते, दुसऱ्या कुणाला नाही." त्यांनी पेन तिच्यासमोर धरलं. "तुझ्या रडण्याचे तास माझ्या घराच्या नावावर लावू नकोस. बाकीचे लाव. किती ते तुलाच माहीत."

तिने साहेबांनी गिरवलेल्या दोनशे बावन्नवर आडवी रेघ मारली. काकूंनी रेघेशेजारी आपली छोटी सही केली, मोठ्या सहीची जागा मात्र कोरीच ठेवली.

"आकडा घालून आण, मग बघते. सही करीनच असं सांगत नाही." आणि ती दाराशी पोचली तेव्हा, पाठमोऱ्या, इस्त्री उचलता उचलता, "ऊन येतं अजून तिथे?"

"येतं, काकू. चार माणसांचं कुटुंब राहतं आता. त्यांनी खिडकीखाली मुलाचं टेबल ठेवलंय."

"बरं," काकू म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती, गाड्यांचे हॉर्न, भाजीवालीची आरोळी, आणि ती चालता चालता मोजायला लागली. पहिली रेघ मारली तो दिवस – त्याआधीचे सगळे तास वजा, आठवड्याला पाच. दहावा आठवडा होता की अकरावा? दहावा असेल तर दोनशेच्या वर दोन तास उरतात. अकरावा असेल तर तीन कमी पडतात, आणि तीन तासांसाठी परवाना अडतो, नियम म्हणजे नियम. तारीख भिंतीवर लिहिली होती आणि भिंतीला नवे भाडेकरू यायच्या आधी रंग दिला गेला – रंगाऱ्याला तिनेच सांगितलं होतं, दोन हात मार म्हणून! रजिस्टरात तर रोज तोच एक शब्द. मिस्त्रीला आठवेल का? त्याची डायरी असेल? नाहीतर नुसतं आपलंच डोकं… उद्या साहेबांकडे पुन्हा जायचं, खाडाखोडीवर सही मागायची, ते डोक्याला हात लावणार, म्हणणार, बाई, तुम्हाला वेड लागलंय. लागू दे. अकरावाच निघाला तर कुणाचं तरी रिकामं घर शोधायचं, मालकाला तोंडाने विचारायचं, आणि तीन तास त्या घरात डोळे उघडे ठेवून बसायचं. त्यात काय एवढं? आणि काकूंनी सहीच केली नाही तर… तर पुन्हा जायचं. दार तर उघडतील.

सकाळी तिला परवाना हवा होता तो भिंतीवर लावायला, म्हणजे मागचं कुणी उकरून काढू नये. आता तो तिला निराळाच हवा होता. हे काम मला येतं, असं तिच्या मनात आलं – एवढं स्पष्ट, एवढं विनयाशिवाय, की ती रस्त्यातच थांबली आणि मागून येणारा सायकलवाला "अहो बाई!" म्हणून ओरडला. येतं मला. भिंत काय म्हणते ते मला ऐकू येतं, आणि ते मी मालकाला तोंडावर सांगू शकते.

पण मोजताना एक गोष्ट अशी झाली जिचा तिने विचारच केला नव्हता. पहिले दहा आठवडे – किंवा अकरा – वजा केले की ते कुठेतरी ठेवायला हवेत, आणि ठेवायला जागाच नव्हती. ना साहेबांच्या रजिस्टरात, ना काकूंच्या घरात, ना अर्जावर. पन्नास की पंचावन्न तास, उघड्या तोंडाने रडलेले. दोन वर्षं ती त्यांना पाहणी म्हणत आली होती, आणि त्यामुळे आईसाठी आपण रडलो असं तिने एकदाही, मनातसुद्धा, म्हटलं नव्हतं. आई, तुझ्यासाठी मी पन्नास तास रडले गं… ते तुझे. तिला रडू आलं, भर रस्त्यात, शाळेच्या पोरांच्या गर्दीत, आणि तिने कुठे आडोसा शोधला नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, त्याचं तोंड लहान झालं तर होऊ दे. डोळे पुसत, दहावा की अकरावा, दहावा की अकरावा असं तोंडाने म्हणत ती चालत राहिली, आणि तिला बरं वाटत होतं.